समुद्राचा सातबारा

बडोद्यातल्या माणसाला गॅसचं कौतुक नसतं. पाणी येतं तसा गॅस येतो. आपल्या शहरात पाइपलाइनचा गॅस १९७२ पासून आहे. तेव्हा महानगरपालिकेनेच तो घराघरांत न्यायला सुरुवात केली होती. मुंबई-पुण्याचे आपले नातेवाईक सिलिंडरचा नंबर लावून बसायचे, तेव्हा आपल्याकडे आज्या बटण फिरवून दुधावर साय धरत होत्या. लग्नात मुलीकडच्यांना सांगायची ही एक गोष्ट होती म्हणे: "आमच्याकडे लाइनचा गॅस आहे." आता ते काम गेल गॅस आणि महानगरपालिकेच्या एका संयुक्त कंपनीकडे आहे. बिल दोन महिन्यांनी येतं आणि आपण ते फोनवर भरून टाकतो.

मागच्या महिन्यात आपल्या वाङ्मय मंडळात 'विकास आणि निसर्ग' या विषयावर बोलणं झालं. तेव्हा एक मुद्दा सगळ्यांनी पटकन मान्य केला. कोळसा वाईट, गॅस चांगला. गॅसचा धूर कमी, राख नाही, रिक्षा सीएनजीवर चालतात, म्हणून शहराची हवा थोडी तरी बरी आहे. मीही मान डोलावली, कारण हे खरंच आहे. पण हा गॅस येतो कुठून, हे त्या दीड तासात कुणी विचारलं नाही. मला ते विचारावंसं वाटलं, त्याचं कारण घरचं आहे. माझं आजोळ वसईच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यात आहे. आणि ज्या समुद्रातून पश्चिम भारताचा सर्वांत मोठा गॅस वर आला, त्या क्षेत्राचं नाव आहे 'बसीन'. बसीन म्हणजे वसई. पोर्तुगीजांनी बसाईं केलं, इंग्रजांनी बसीन. इतिहासाच्या पुस्तकात आपण १८०२ चा बसीनचा तह वाचतो, तीच ही वसई.

गंमत बघा, त्याच समुद्रातल्या काही क्षेत्रांना तेल कंपन्यांनी रत्नांची नावं दिली. हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम. बसीनला मात्र गावाचं नाव मिळालं. पण गावाला नावापलीकडे फारसं काही मिळालं नाही. हे क्षेत्र १९७६ मध्ये सापडलं. मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर आत. तिथला वायू वसईला उतरतच नाही. तो समुद्राच्या तळावरच्या नळातून सरळ उत्तरेला येतो आणि सुरतजवळ हजिऱ्याला जमिनीवर चढतो. तिथे ओएनजीसीचा मोठा कारखाना आहे. तिथून पुढे हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही सतराशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन, जिच्यासाठी १९८४ मध्ये गेल ही सरकारी कंपनी काढली गेली. ती लाइन उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांपर्यंत गेली. आपल्या वाघोडियाला गेलचं कॉम्प्रेसर स्टेशन आहे, ते याच जाळ्यातलं. पाइपमध्ये गेल्यावर वायू एकमेकांत मिसळतो. बसीनचा कुठला, दहेजला जहाजातून आलेला कुठला, हे कुणी सांगू शकत नाही. पण घरगुती गॅस आणि सीएनजी यांना देशात निघालेला स्वस्त वायू आधी द्यायचा, असं सरकारचं धोरण आहे. तेव्हा बडोद्याच्या शेगड्यांत माझ्या आजोळच्या समुद्राचा थोडा भाग जळतो, असं म्हणायला हरकत नाही.

यात वाईट काय? तसं काहीच नाही. देशाचा वायू देशाने वापरावा. मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. समुद्रातून काढलेल्या वायूचा हिशेब घनमीटरपर्यंत ठेवला जातो. त्याच समुद्रात रोज जाणाऱ्या माणसाचं काय कमी झालं, याचा हिशेब ठेवायची कुणाला सवयच नाही. आणि हिशेब नसल्यामुळे त्याचं नुकसान झालंच नाही असं धरलं जातं.

आता नुकसान म्हणजे नेमकं काय, ते सांगते. आपल्याला 'गॅस आणि समुद्र' म्हटलं की गळती, तवंग, मेलेले मासे असं चित्र दिसतं. तसंही कधी होतं. पण कोळ्याचं रोजचं नुकसान त्याहून साधं असतं. ते जागेचं आणि दिवसांचं असतं.

जागेचं असं, की समुद्रातल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात हा आकडा आहे आणि जगभर तो पाळतात. त्यात होडी न्यायची नाही, जाळं टाकायचं नाही. यात चूकही काही नाही. जळणाऱ्या वायूशेजारी कुणी जाळी ओढत फिरावं असं कोण म्हणेल? पण मासळीला हा कायदा माहीत नसतो. प्लॅटफॉर्मच्या लोखंडी पायांवर शेवाळ, शिंपले धरतात, त्यामागे लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. म्हणजे समुद्रात जिथे मासळी जमते तिथेच जायची मनाई. माझा मामा तांडेल आहे. तो म्हणतो, "रात्री त्या दिव्यांकडे बघितलं की कळतं, मासा आज सरकारी खात्यात जमा झालाय." पकडले गेले तर दंड, चौकशी, कधी परवान्यावर गदा. म्हणून शहाणा तांडेल लांबून जातो आणि लांबून जायला डिझेल लागतं.

५०० मीटर म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. एका प्लॅटफॉर्मला नाहीच. पण प्लॅटफॉर्म एक नाही. त्यांच्यामध्ये तळावरून गेलेले नळ, त्यांची देखभाल करणारी जहाजं, नवीन विहीर खोदणारी रिग, आणि या सगळ्यांच्या येण्या-जाण्याचे रस्ते. भूगोलाच्या तासाला समुद्र नकाशावर नुसता निळा असतो. मामाच्या जीपीएसमध्ये तो ठिपक्यांनी भरलेला आहे.

दिवसांचं नुकसान होतं सर्व्हेत. तळाखाली वायू कुठे आहे हे शोधायला एक जहाज मागे कित्येक किलोमीटर लांब केबल ओढत, ठरलेल्या रेघांवर सावकाश फिरतं. एअरगनने पाण्यात दाबलेल्या हवेचे बार काढतात आणि तळाखालून येणारा आवाज टिपतात. या जहाजाला थांबता येत नाही, पटकन वळता येत नाही. म्हणून बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. ज्या भागात सर्व्हे आहे तिथे इतके दिवस जाळी टाकू नयेत, अशी सूचना निघते.

आता इथली खरी अडचण लक्षात घ्या. सर्व्हेच्या जहाजाला शांत समुद्र लागतो. पावसाळ्यात ते काम होत नाही. आणि कोळ्यालाही शांत समुद्रच लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदीच असते, मासळीच्या विणीसाठी. ती बंदी कोळ्यांना मान्य आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची परंपरा त्यांचीच. म्हणजे वर्षातले कमवायचे महिने मोजके. नेमके तेच महिने सर्व्हेलाही हवे. पालघर जिल्ह्यातल्या मच्छीमार संस्था इतकी वर्षं सर्व्हेला विरोध करत आल्यात, त्याचं एक साधं कारण हे आहे. वर्तमानपत्रं त्याला 'विकासाला विरोध' म्हणतात. आपली परीक्षा आणि मांडवातला डीजे एकाच आठवड्यात आले की आपण काय करतो? तक्रारच करतो ना!

एकदा मामाच्या जाळ्याचा मोठा तुकडा असाच एका सर्व्हेच्या जहाजाने नेला. रात्रीची वेळ, जाळं टाकलेलं, आणि बरोबरच्या गस्ती बोटीने हाक मारली तोवर उशीर झालेला. कुठल्या कंपनीचं जहाज, ते मी लिहीत नाही. पुढचं सांगते. भरपाई मागायला गेल्यावर त्याला विचारलं गेलं: त्या दिवशी तुम्ही नेमके तिथेच होता याचा पुरावा काय? जाळं किती जुनं? पावती? सूचना निघाली होती, तुम्ही वाचली नव्हती का? सूचना कुठे लागली होती ते मामाला अजून माहीत नाही. जाळं तर घरीच विणलेलं, त्याची पावती आजीने द्यायची का?

आवाजाने मासे पळतात का, हा प्रश्न कोळ्यांच्या तक्रारीत नेहमी येतो आणि अधिकारी तो हसण्यावारी नेतात. पण याचा नीट अभ्यास झालेला आहे. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम प्रयोग करून १९९६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. एअरगनच्या सर्व्हेनंतर तिथली कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉलमधली पकड सरासरी निम्म्यावर आली. परिणाम कित्येक मैल लांबपर्यंत दिसला आणि सर्व्हे थांबल्यावर पाच दिवसांनीही पकड पूर्ववत झाली नव्हती. कॉड म्हणजे पापलेट नव्हे, आणि आपला समुद्रही उथळ, गढूळ, वेगळा. पण 'मासे पळतात' हे अडाणी माणसाचं बोलणं नाही, एवढं तरी यातून कळतं.

इथे मला स्वतःच्याच बाजूच्या लोकांना एक ऐकवायचंय. मासळी कमी झाली याचं सगळं खापर गॅसवर फोडता येत नाही. पर्ससीन जाळी, एलईडी दिवे लावून रात्रीची मासेमारी, बारीक आसाची जाळी, ज्यांत पापलेटची पिल्लंही येतात, शहरांचं सांडपाणी, खाड्यांवरचा भराव. हे सगळं आहे आणि यातलं काही कोळी समाजातल्याच पैसेवाल्या मालकांनी केलेलं आहे. मामासमोर हे बोललं की तो चिडतो, पण नाही म्हणत नाही. मुद्दा असा की आधीच तंगी असलेल्या घरातून कुणी दहा रुपये काढून घेतले, तर "तंगी तर आधीचीच होती" हे काही उत्तर होत नाही.

मग उत्तर काय? इथे आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारायला हवेत, कारण गोष्ट शब्दांपाशी येते.

आपल्याकडे 'धरणग्रस्त' हा शब्द आहे. 'भूकंपग्रस्त' आहे. 'प्रकल्पग्रस्त' तर सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये रकाना म्हणून आहे. 'वायुग्रस्त' म्हटलं की भोपाळ. पण ज्याचा समुद्र गेला त्याला काय म्हणायचं? प्रकल्पग्रस्त म्हणायला त्याच्याकडे जमीन लागते, गट नंबर लागतो, सातबारा लागतो. शेतकऱ्याची जमीन घेताना सरकार निदान नोटीस काढतं, मोजणी करतं, भाव ठरवतं. भाव कमी असेल, पण भांडायला कागद असतो. समुद्राचा सातबारा नसतो. समुद्र सगळ्यांचा. आणि जे सगळ्यांचं असतं ते घेताना कुणालाच विचारावं लागत नाही.

पण समुद्राला मालकी नसते हे काही पूर्ण खरं नाही. वसई-उत्तनचे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीवर उभं राहणारं. बोंबील, करंदी, जवळा यातच येतो. ते बांधायला समुद्राच्या तळात खुंट रोवावा लागतो, त्याला 'कव' म्हणतात. कव कुणाची, कुठे मारायची, शेजारच्या गावाच्या कवीपासून किती लांब, याचे नियम पिढ्यान्पिढ्या चालत आलेत. वसई-उत्तन आणि सातपाटीकडच्या कोळ्यांत या कवींवरून मोठमोठे वाद झालेत, बैठका झाल्यात, अधिकारी मध्ये पडलेत. आता सांगा, जिथे बांधावरून भांडण होतं तिथे शेत नसतं का? गावांना माहीत आहे की कोणता समुद्र कुणाचा. फक्त ते तलाठ्याच्या दप्तरात नाही.

दप्तरात नसल्याचा परिणाम काय होतो ते कोकणातल्या एका गावाने आपल्या जन्माआधीच बघितलंय. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला. आपल्याला एन्रॉन म्हटलं की वीजदराचा घोळ आठवतो, १९९५ चं राजकारण, आधी रद्द मग पुन्हा करार, २००१ मध्ये अमेरिकेत कंपनीचं दिवाळं. अर्थशास्त्राच्या मुलांना त्याचे आकडे पाठ असतात. पण तो मुळात आयात गॅसचा प्रकल्प होता. दुसऱ्या टप्प्यात परदेशातून द्रवरूप वायू, म्हणजे एलएनजी, जहाजांनी आणायचा होता. तिथे अंजनवेल, रानवी, वेलदूर ही गावं. त्यातलं वेलदूर मच्छीमारांचं. ज्यांची जमीन गेली त्यांच्याशी निदान मोबदल्याची भाषा झाली. वेलदूरच्या लोकांची भीती पाण्याची होती. जेट्टी, मोठी जहाजं, कारखान्यातून येणारं गरम पाणी, खाडीच्या तोंडाशी बंद होणारा रस्ता. ती भीती लिहायला कुठलाही फॉर्म नव्हता, म्हणून ते रस्त्यावर आले. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरवर धाड घातली, घरांत शिरून बायकांनाही मारहाण केली, अटका केल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सविस्तर नोंदवलंय, अॅम्नेस्टीनेही त्याच वर्षी, १९९७ मध्ये, लिहिलं होतं. माझ्या वर्गात एन्रॉनचं नाव सगळ्यांना माहीत होतं. वेलदूरचं एकालाही नाही.

पुढे काय झालं तेही बघा. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. मग सरकारी कंपन्यांनी तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने घेतला. आंध्रच्या समुद्रातला गॅस कमी पडला तेव्हा तो पुन्हा थंडावला, आणि २०१५ पासून रेल्वेला थोडी वीज देऊ लागला. शेजारचं एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारा बंधारा पूर्ण नसल्यामुळे कित्येक वर्षं ते पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. जहाज धक्क्याला लावताच येत नसे. मला यात एक वेगळीच मजा वाटते. पावसाळ्यात त्या समुद्रात जायचं नसतं, हे वेलदूरमधल्या कुठल्याही पोराला माहीत होतं. त्याला विचारायला सल्लागार कंपनीची फी लागली नसती.

आता कुणी म्हणेल, समुद्राचं नुकसान मोजणारच कसं? मासा आज इथे, उद्या तिथे. मोजता येत नाही म्हणून देता येत नाही.

मोजता येतं. नॉर्वेने मोजलं. तो देश तर तेल आणि वायूवरच श्रीमंत झाला, त्याला कुणी विकासविरोधी म्हणणार नाही. त्यांच्या १९९६ च्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईचं एक वेगळं प्रकरणच आहे. तेल-वायूच्या कामाने मासेमारीची जागा अडली, तर झालेलं आर्थिक नुकसान सरकारने भरून द्यायचं. शिवाय सर्व्हेच्या जहाजावर मासेमारी कळणारा एक जाणकार माणूस ठेवावा लागतो. बघा, एक माणूस! मामाच्या जाळ्याच्या रात्री त्या जहाजावर सातपाटीचा किंवा वसईचा एक म्हातारा तांडेल असता, तर त्याने पाण्यावरचे बोये बघूनच सांगितलं असतं की पुढे जाळं आहे.

नॉर्वे लांबचं वाटत असेल तर आंध्रला चला. कोनसीमा आणि काकीनाडाच्या समुद्रात ओएनजीसीने पाइपलाइन टाकली. त्या कामामुळे मासेमारी थांबली म्हणून २३,४५८ मच्छीमार कुटुंबांना महिन्याला ११,५०० रुपये या दराने भरपाई ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यातला सहा महिन्यांचा हप्ता एकदम वाटला गेला, जवळजवळ १६२ कोटी रुपये. इथे रकमेपेक्षा मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, भरपाई कुटुंबामागे होती. दोन, ती महिन्यांवर मोजली होती. मासे किती कमी आले याचा वाद घातला नाही, किती महिने समुद्र बंद होता ते बघितलं. म्हणजे देशात, त्याच कंपनीकडून, हे होऊ शकतं. फक्त तिथे निवडणुकीत कोळ्यांची मतं मोजली जातात, असं एखादा म्हणेल. म्हणू दे.

महाराष्ट्रातही रस्ता अगदीच बंद नाही. उरणच्या खाडीतल्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात वाशीच्या मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०२३ मध्ये राज्याने प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी धोरण काढलं. पण ही प्रकरणं बहुतेक खाडीतली, किनाऱ्याला चिकटलेली, पूल आणि बंदरांची. तिथे डोळ्यांना दिसतं की इथे जाळं लागायचं, आता खांब आहे. ८० किलोमीटर आत, जिथे कवही नसते आणि किनाराही दिसत नाही, तिथे गेलेले दिवस कोण बघणार?

आपण बडोदेकर यात कुठे बसतो, असा प्रश्न पडेल. आपल्याला वाटतं समुद्र आपल्यापासून लांब. तसा तो लांब नाही. कोयलीची रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स, या सगळ्या उद्योगांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून एका पक्क्या कालव्याने सुमारे ५५ किलोमीटर जाऊन जंबुसर तालुक्यात सारोदजवळ, महीच्या मुखाशी सोडलं जातं. पादऱ्याकडे जाताना तो कालवा कुणी बघितलाही असेल. पाणी नको झालं की आपण समुद्राला देतो आणि गॅस हवा झाला की समुद्राकडून घेतो. दोन्ही वेळा मध्ये जो मासेमार उभा असतो, त्याचं गावसुद्धा आपल्याला माहीत नसतं. ही फार तर तासा-दीड तासाच्या बसची गोष्ट आहे.

म्हणून मला मंडळाच्या त्या चर्चेतलं 'गॅस हवा की नको' हे भांडण निरुपयोगी वाटतं. गॅस येणारच आहे. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा १५ टक्क्यांवर न्यायचा असं सरकारने ठरवलंय, म्हणजे सर्व्हे वाढणार, नळ वाढणार. मागायचं असेल तर हे मागावं: सर्व्हेची तारीख ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना आधी बोलवा, सूचना मराठीत आणि गुजरातीत बंदरावर लावा, नुसत्या वेबसाइटवर नको. जहाजावर एक जाणता तांडेल पगारावर घ्या. आणि समुद्र जितके दिवस बंद, तितके दिवस मोजा, कुटुंबामागे.

'कुटुंबामागे' यावर मी अडून बसते, कारण आपल्याकडे हिशेब बोटीमागे करायची सवय आहे. परवाना बोटीचा, डिझेलची सवलत बोटीला, मग मदतही बोटीच्या मालकाला. पण एका बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात. त्यातले बरेच आता डहाणू-तलासरीकडचे आदिवासी किंवा थेट उत्तर प्रदेश-झारखंडचे. बोट बंद राहिली की त्यांना घरी जायचं भाडंही मालकाकडून उसनं घ्यावं लागतं. आणि किनाऱ्यावर बायका असतात. बोट लागली की लिलावात माल घेणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलने जाणाऱ्या, बोंबील वाळवणाऱ्या, कोलंबी सोलणाऱ्या. नवऱ्याची बोट असो नसो, बाईचा धंदा स्वतःचा असतो, गिऱ्हाईक स्वतःचं, उधारीची वही स्वतःची. समुद्र पंधरा दिवस बंद राहिला तर ती वहीसुद्धा पंधरा दिवस बंद. कुठल्याही पंचनाम्यात ही वही कुणी मागितलेली मी ऐकलं नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पत्रात लहान मच्छीमार समाजांचा उल्लेख आहे, आमच्या चर्चमध्ये त्यावर प्रवचनही झालं. त्यातही 'मच्छीमार' म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच आला असणार, पेत्र आणि अंद्रेयासारखा, जाळं हातात घेतलेला.

माझी मामी तीस वर्षं मासळी विकते. मामाचं जाळं गेलं त्या हंगामात घर तिच्या सुक्या बोंबलावर चाललं. या मे महिन्यात मी आजोळी होते, तेव्हा एका सरकारी योजनेचा फॉर्म तिच्यासाठी मीच भरून दिला. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जुना फॉर्म, सगळं तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलं होतं. जुन्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं: गृहिणी.